रेणू मोजून झाले, अणू मोजायचे राहिले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत गेल्या आठवड्यात मोल संकल्पनेवरची सोडवलेली उदाहरणे आली होती (मोल म्हणजे ६.०२२ × १०^२३ कणांचा गठ्ठा; पाण्याचा एक मोल १८ ग्रॅमचा). त्यातले एक असे: '९ ग्रॅम पाण्यात एकूण किती अणू असतात?' उत्तर छापले होते ३.०११ × १०^२३. ही झाली पाण्याच्या रेणूंची संख्या. एका रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक असे तीन अणू. तेव्हा अणू त्याच्या तिप्पट, म्हणजे ९.०३३ × १०^२३. कृपया दुरुस्ती छापावी.

पण एवढ्यासाठीच पत्र लिहायला बसले नाही. मी बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवते आहे आणि हीच चूक दरवर्षी वह्यांमध्ये पाहते. भागाकार बरोबर, घातांक बरोबर, उत्तराखाली पट्टीने दोन रेघा. आणि आकड्यापुढे काहीच नाही. 'हे कशाचे?' असे विचारले की मूल गोंधळून सूत्राकडे बघते. म्हणून माझा एकच हट्ट असतो. प्रत्येक ओळीत, प्रत्येक आकड्यापुढे, आपण काय मोजतो आहोत ते लिहायचे. '०.५ मोल पाणी.' '३.०११ × १०^२३ पाण्याचे रेणू.' एवढे लिहिले की प्रश्न अणूंचा आहे आणि आपण अजून रेणूंपाशीच थांबलो आहोत, हे मुलाच्या स्वतःच्याच लक्षात येते. बोलताना आपण 'अणुरेणू' एका दमात म्हणून जातो, त्यामुळे या दोन शब्दांमधले अंतर मुलांच्या कानाला जाणवतच नाही. वहीत ते दिसलेच पाहिजे.

पाण्यावर हे शिकवून झाले की मी मोरचूद घेते. त्याच्या निळ्या स्फटिकात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककासोबत पाण्याचे पाच रेणू बांधलेले असतात. तांब्याचा एक, गंधकाचा एक, ऑक्सिजनचे चार आणि त्या पाच रेणूंमधले पंधरा, असे एकवीस अणू. पाण्यासकट एका मोलचे वस्तुमान सुमारे २४९.७ ग्रॅम. आता ५ ग्रॅम मोरचूद घ्या: ०.०२००२ मोल, म्हणजे १.२०६ × १०^२२ एकके. तांब्याचे अणू तेवढेच. ऑक्सिजनचे त्याच्या नऊपट. एकूण अणू एकवीसपट, २.५३ × १०^२३.

निम्मा वर्ग इथे स्फटिकजल विसरतो आणि २४९.७ ऐवजी १५९.६ ने, म्हणजे पाणी सोडून उरणाऱ्या वस्तुमानाने, भागतो. मग तांब्याचे अणू १.८८७ × १०^२२ निघतात, खऱ्या संख्येच्या दीडपटीहून जास्त. ही चूक फळ्यावर समजावली तर कोणाच्याच लक्षात राहत नाही. म्हणून मी परीक्षानळी तापवून दाखवते, तोंडाची बाजू किंचित खाली धरून. थोड्याच वेळात निळा रंग उडू लागतो, स्फटिक पांढरे आणि भुसभुशीत होतात आणि नळीच्या थंड तोंडापाशी पाण्याचे थेंब जमतात. ते थेंब पाहिल्यावर मुले आपणहून म्हणतात, 'हे पण मोजायचं होतं!'

पुढचा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. सगळे पाणी काढून टाकले तर ५ ग्रॅममधून सुमारे ३.२ ग्रॅम पांढरी पूड उरते. आता तांब्याचे अणू किती? ३.२ ला १५९.६ ने भागले की उत्तर पुन्हा ०.०२ मोलच येते. तांबे कुठेही गेलेले नाही. एका एककातले अणू मात्र एकवीसवरून सहावर आले. हे गणित ज्याने स्वतः करून पाहिले, त्याला 'कशाचे?' हा प्रश्न परत विचारावा लागत नाही.

मिठाच्या बाबतीत आणखी जपून बोलावे लागते. सोडियम क्लोराइडच्या स्फटिकात सुटा रेणू नसतोच, आयनांची, म्हणजे विद्युतभारित कणांची, मांडणी असते. तिथे रेणू न म्हणता सूत्र एकक म्हणावे आणि एका एककात दोन आयन धरावेत.

पुरवणीत ॲव्होगॅड्रो अंक, म्हणजे एका मोलमधल्या कणांची संख्या, 'पाठ करा' असे चौकटीत दिले होते, तेही मला खटकले. तो अंक खुद्द ॲव्होगॅड्रो या इटालियन शास्त्रज्ञाला माहीत नव्हता. समान तापमानाला आणि दाबाला वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते, हे त्याने १८११ मध्ये मांडले. ती संख्या किती, याचा अंदाज येऊ लागला तो लोश्मिट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाच्या १८६५ च्या कामापासून. ॲव्होगॅड्रोचे नाव त्या अंकाला १९०९ मध्ये झाँ पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिले. आणि आपल्याच काळात माणसांनी अणू खरोखर मोजले: सिलिकॉन-२८ चा जवळजवळ एक किलोचा, सुमारे ९४ मिलिमीटर व्यासाचा अतिशय गुळगुळीत गोळा घडवला, त्याचे आकारमान मोजले, क्ष-किरणांनी स्फटिकातल्या अणूंमधले अंतर मोजले आणि भागाकार केला. आपण वहीत करतो त्याच जातीचा हिशेब! अशा मोजणीच्या आधारावर २० मे २०१९ पासून एका मोलमध्ये नेमके ६.०२२१४०७६ × १०^२३ कण, अशी व्याख्या लागू झाली. मुलांना हे सांगायला चार ओळी पुरतात, आणि मग तो अंक वेगळा पाठ करावा लागत नाही.

विनंती अशी, की दुरुस्ती छापताना नुसते बरोबर उत्तर देऊ नये. पायऱ्या पूर्ण द्याव्यात: ९ ग्रॅम पाणी, ०.५ मोल पाणी, ३.०११ × १०^२३ पाण्याचे रेणू, ९.०३३ × १०^२३ अणू, त्यांपैकी ६.०२२ × १०^२३ हायड्रोजनचे आणि ३.०११ × १०^२३ ऑक्सिजनचे. परवा माझ्या वर्गातल्या एका मुलीने पुरवणीचे कात्रण आणून 'बाई, पेपरात तर असं दिलंय' म्हणत माझ्यासमोर ठेवले होते. दुरुस्ती आली की तेही कात्रण ती त्याच वहीत चिकटवणार आहे.

आपली,
एक रसायनशास्त्र शिक्षिका