उतारा? कशावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांमागची दुहेरी अर्थाची वाक्यं मोबाइलवर फिरू लागतात. फोटो काढणारे पुष्कळ, नोंद ठेवणारे फार थोडे. म्हणून हे पत्र.

मेक्सिकोत दुहेरी अर्थाच्या शाब्दिक जुगलबंदीला ‘आल्बूर’ म्हणतात. साध्या बोलण्यात चावट अर्थ दडवायचा, समोरच्यानं तो ओळखून तसाच जबाब द्यायचा. ज्याला जबाब सुचला नाही तो हरला. ‘चिले’ म्हणजे मिरची, पण बोलीत पुरुषाचं इंद्रियही. हा झाला आपला अभंग श्लेष, म्हणजे शब्द न तोडता त्याचे दोन अर्थ. दुसऱ्या प्रकारात साधं वाटणारं नाव भरभर उच्चारलं की वेगळंच वाक्य ऐकू येतं, म्हणजे सभंग श्लेष. अर्मांदो हिमेनेस यांनी ट्रकवरची वाक्यं, गुत्त्यांची नावं, संडासाच्या भिंतींवरचा मजकूर गोळा करून 1960 साली पुस्तक केलं. मेक्सिको शहरातल्या तेपितो वस्तीत बाजारात विक्री करणाऱ्या लुर्देस रुईस (निधन 2019) आल्बूरचे वर्ग घेत. हा बायकांचा प्रांत नव्हे, ही समजूत त्यांनी मोडली.

लावणीकार पठ्ठे बापूरावांचं रेठरे हरणाक्ष आपल्या वाळवा तालुक्यात आहे. सवाल-जवाब आपल्याला कुणी शिकवायला नको. चुकतं ते टिपताना.

‘उतारा’ हा एकच शब्द घ्या. सातबाऱ्याचा उतारा, उसाचा साखर उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण), बाधेवरचा उतारा आणि रात्रीच्या दारूवरचा सकाळचा उतारा. तलाठी कार्यालयाबाहेर कुणी विचारलं, ‘उतारा मिळाला का?’ आणि जबाब आला, ‘कशावर?’ वहीत नुसता प्रश्न उतरला तर हाती काहीच लागत नाही. जबाब हवा, त्याआधीचं एखाद-दुसरं वाक्य हवं, जागा आणि वेळ हवी, दोघांचं नातं हवं (मेहुण्याला चालतं ते सासऱ्याला चालत नाही), आणि जबाबाआधी थांबला किती, डोळा मारला का, हेही हवं. हे त्याच दिवशी लिहावं. दुसऱ्या दिवशी गंमत आठवते, शब्द आठवत नाहीत.

भाषा सुधारू नये. ‘व्हय’चं ‘होय’ केलं की यमक जातं, ट्रॉलीवरचं अशुद्ध लेखन दुरुस्त केलं तर कधी कधी कोटीच मरते. सभंग श्लेष लिहिताना शब्द तोडावेच लागतात, म्हणून आवाजाचं रेकॉर्डिंग सोबत असावं, तेही विचारूनच. मोबाइल समोर धरला की माणसं सभेत बोलावं तसं बोलतात. आधी पंधरा-वीस मिनिटं गप्पा होऊ द्याव्यात. अर्थ चारचौघांत विचारू नये, मागाहून एकट्याला विचारावा. चावट म्हणून गाळू नये. जातीवरून किंवा व्यंगावरून हिणवणारी कोटीही नोंदवावी, पण कुणाला उद्देशून होती ते नाव लिहू नये. फोटोत गाडीचा नंबर झाकावा. आणि जात्यावर, हळदीच्या कार्यात, भांगलणीत बायका आपसात जे बोलतात ते बायकांनीच टिपावं. पुरुष आला की तो विषयच बदलतो.

गावोगावच्या वाचनालयांत यासाठी एक वही ठेवता येईल. आपल्या दैनिकानं हंगाम संपेपर्यंत दर रविवारी एक शब्द देऊन वाचकांकडून जबाब मागवावेत, ही विनंती. पहिला शब्द ‘उतारा’च घ्यावा, जतचा जबाब आणि पाटणचा जबाब शेजारी शेजारी छापावेत.

आपले,
बोलीभाषेचे काही अभ्यासक, सांगली