सूचना : साल लिहिण्याआधी नेक उघडून पाहा

फेंडर कंपनीच्या जुन्या प्रिसिजन किंवा जॅझ बेस गिटारचं साल केवळ नेकप्लेटवरच्या (नेक म्हणजे गिटारची मान, ती बॉडीला जोडणारी मागची धातूची पट्टी म्हणजे नेकप्लेट) नंबरावरून लिहू नये. प्लेटा क्रमाने लागत नसत, आणि चार स्क्रू काढून प्लेट बदलायला पाच मिनिटं पुरतात.

तारा पूर्ण सैल करूनच नेक काढा. साठीच्या दशकाच्या मध्यावर नेकच्या बुडाला ‘७ मार्च ६६ ए’ अशा धर्तीचा शिक्का असतो. इथे बहुतेकजण फसतात : पहिला ७ ही तारीख नाही, तो जॅझ बेस या मॉडेलचा क्रमांक (प्रिसिजनचा ५). शेवटचं अक्षर नटची (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) रुंदी सांगतं.

मग पॉटच्या (आवाज, टोन कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवरचा कोड. १३७६६१२ म्हणजे १३७ : सीटीएस (पॉट बनवणारी कंपनी), ६६ : १९६६, १२ : १२वा आठवडा. सुरुवातीला ३०४ असेल तर कंपनी स्टॅकपोल. फेंडरने १९६६चे पॉट ढिगाने घेतले होते आणि ते दशकाच्या अखेरपर्यंत वापरले. म्हणजे बेस ‘याआधीचा नाही’ एवढंच पॉट सांगतो. कोडवर सोल्डरचा (तारा जोडणाऱ्या वितळलेल्या धातूचा) थर असेल तर कोड वाचायला तो वितळवू नका. जुना, मळका, न छेडलेला सांधा हाच पॉट मूळचा असल्याचा मोठा पुरावा. चकचकीत सोल्डर दिसलं की तसं नोंदीत लिहा.

नेक परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवा, ‘टक’ झालं की मगच आवळा. नाहीतर लाकडात नवे आटे पडतात.

शिक्का, पॉट, सोल्डर : तिन्हींचे फोटो नसलेल्या नोंदीत ‘साल अंदाजे’ असंच लिहावं.