प्रायोजक नंतर, आधी खेळाडू तरी येऊ द्या

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

क्रिकेट सोडून बाकीच्या खेळांना पैसा मिळत नाही, ही तक्रार आपल्या ठाणे-नवी मुंबई पुरवणीत अधूनमधून वाचायला मिळते. सायकल पोलो, म्हणजे सायकलवर बसून मॅलेटने (लांब दांड्याच्या हातोड्याने) चेंडू गोलमध्ये मारायचा खेळ, हा त्या बाकीच्यांतही अगदी शेवटच्या बाकावरचा. नेरुळ-सानपाडा भागातले आम्ही काही जण रविवारी सकाळी तो खेळतो, म्हणून थोडे लिहितो. प्रायोजक नाही, त्यामुळे खेळाडू येत नाहीत, असे आमचेच लोक म्हणत असतात. मला हे पटत नाही. मैदानावर आठ टाळकी आणि बाहेर दोन पालक, एवढ्यावर कोणी कशाला पैसे लावील?

पोलो म्हटले की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "घोडे कुठेत?" महालक्ष्मीचे रेसकोर्स डोळ्यांसमोर येते आणि हे आपले काम नव्हे म्हणून माणूस मागे सरतो. सायकलवरचा हा खेळ 1891 मध्ये आयर्लंडमध्ये रिचर्ड मेक्रेडी यांनी सुरू केला. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याचा प्रदर्शनीय सामनाही झाला आणि आयर्लंडने जर्मनीला 3-1 असे हरवले. आपल्या देशात त्याचा महासंघ आहे, राष्ट्रीय स्पर्धा होतात, हवाई दल आणि लष्कराचे संघ उतरतात, केरळसारख्या राज्यांत मुलीही जोमाने खेळतात. भारताने यात जागतिक अजिंक्यपदही मिळवले आहे. एवढे सगळे असून वाशी स्टेशनवर शंभर जणांना विचारले तर नाव ऐकलेला एखादाच सापडेल.

गवतावरच्या सायकल पोलोला पूर्ण मापाचे मैदान दीडशे मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद लागते. नवी मुंबईत रविवारी असे मैदान मागून बघा! एकाच मैदानात पाच-सहा क्रिकेटचे सामने एकमेकांत घुसलेले असतात, आपला फिल्डर दुसऱ्याच्या स्लिपमध्ये उभा. जूनपासून पुढे चार महिने चिखल. त्यामुळे आम्ही सिमेंटवरचा प्रकार खेळतो, ज्याला जगभर हार्डकोर्ट म्हणतात. एका बाजूला तिघेच. पाय जमिनीला टेकला की खेळाडू तात्पुरता बाद. कोर्टाच्या मध्यरेषेच्या कडेला जाऊन तिथे मॅलेट टेकवून यायचे, मगच पुन्हा चेंडूला हात घालायचा. आणखी एक गंमत म्हणजे मॅलेटच्या आडव्या अंगाने ढकललेला चेंडू गोलमध्ये गेला तरी गोल धरत नाहीत, तो टोकानेच मारावा लागतो. येणारे-जाणारे थांबतात ते पाय टेकण्याच्या नियमामुळे. नियम कुणी समजावून सांगावा लागत नाही, पाच मिनिटांत कठड्यावर बसलेली पोरे "टेकला, टेकला!" म्हणून ओरडायला लागतात.

नवा मुलगा आला तर त्याला आम्ही पहिल्या दिवशी काय देतो, याकडे मात्र आमच्या मंडळींचे लक्ष नसते. तो घरून गिअरची, शॉकअपची सायकल घेऊन येतो, दोन्ही ब्रेक दोन हातांत. या खेळात उजव्या हातात मॅलेट, म्हणजे सगळा ब्रेक डाव्या हातात हवा. त्याने उजव्या हाताचा ब्रेक दाबायला जावे, मॅलेट चाकात अडकावे, गुडघा फुटावा, आणि पुढच्या रविवारी त्याच्या आईने त्याला जलतरणाला घालावे. खेळाडू असे जातात. पाम बीच रोडवर पहाटे लाखाच्या सायकली पळवणारे आमच्याकडे यावेत अशी काहींची इच्छा असते. ते येणार नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे. कार्बनच्या फ्रेमवर मॅलेट आपटून घ्यायला कोण येईल?

उत्तर प्रत्येक सोसायटीच्या जिन्याखाली आहे. मुले मोठी झाली, क्लास लागले, आणि बिनगिअरच्या लोखंडी सायकली तिथे धूळ खात पडल्या. सेक्रेटरी त्या भंगारवाल्याला द्यायलाच टेकलेले असतात. अशी सायकल घ्यायची, मडगार्ड, स्टँड, कॅरिअर काढायचे, मागचे चाक घट्ट करायचे, ब्रेकची केबल डावीकडे वळवायची. चाकाच्या तारांवर गोल कापलेली सनपॅकची (प्रचारफलकांच्या प्लास्टिकची) शीट बांधायची, म्हणजे चेंडू आणि मॅलेट आरपार घुसत नाही. ही शीट निवडणुकीनंतर फुकट मिळते, त्या बाबतीत ठाणे जिल्हा अत्यंत संपन्न आहे. मॅलेटसाठी हलका दांडा आणि त्याच्या टोकाला पाण्याच्या जाड काळ्या एचडीपीई पाइपचा तुकडा. परदेशात स्कीइंगची काठी वापरतात, आपल्याकडे बांबू चालतो. अशा चार-पाच सायकली कोर्टावर कायमच्या ठेवल्या की मुलाने फक्त बूट आणि हेल्मेट घेऊन यायचे.

शाळांचा प्रश्न वेगळा. एका पी.टी.च्या सरांनी मला सरळ सांगितले, "माझ्या तासाला चाळीस पोरं असतात. तुमच्या सहा जणांच्या खेळात उरलेल्या चौतिसांचं मी काय करू?" रास्त प्रश्न आहे. मॅलेट आणि चेंडूचा सराव पायी करता येतो, सायकल हळू चालवण्याच्या, एका हाताने वळवण्याच्या शर्यती घेता येतात. त्यासाठी सामना हवाच असे नाही. पण हे शाळेत जाऊन करून दाखवावे लागते, पत्रके वाटून होत नाही.

इथे प्रो कबड्डीचा दाखला नेहमी दिला जातो. तो गैरलागू आहे. 2014 मध्ये लीग आली तेव्हा कबड्डी गल्लीगल्लीत आधीपासून होतीच, टीव्हीने तिला फक्त उजेडात आणले. आम्ही बघायचेच तर रोल बॉलकडे बघावे. पुण्यात राजू दाभाडे यांनी तो खेळ घडवला आणि 2011 मध्ये त्याचा पहिला विश्वचषकही पुण्यातच झाला. स्केटिंग येणारी, स्वतःचे स्केट्स असलेली मुले आधीच तयार होती, त्यांच्या हातात चेंडू दिला गेला. सायकल तर स्केट्सपेक्षा कितीतरी जास्त घरांत आहे.

पालकांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी आणि आपण ती सांगत नाही. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंच्या थेट भरतीसाठी खेळांची जी यादी असते, तिच्यात 2020 मध्ये 20 नवे खेळ घातले गेले. मल्लखांब आणि रस्सीखेचीबरोबर सायकल पोलोही त्यात आहे. अर्थात त्यासाठी गवतावरचाच खेळ राष्ट्रीय पातळीवर खेळावा लागेल, सिमेंटवर रविवार घालवून नोकरी लागणार नाही. पण दहावीच्या वर्षी मुलाचा खेळ सोडवायला निघालेल्या बापाला ही माहिती थोडा वेळ तरी थांबवते.

आता पैशाचे. ज्या ठाण्यात दहीहंडीला लाखोंची बक्षिसे लागतात, तिथे पैसा नाही असे म्हणणे हास्यास्पद आहे. पैसा गर्दीकडे जातो. आणि आमच्यासारखे लोक कंपन्यांकडे जातात ते बहुतेक वेळा चुकीचा अर्ज घेऊन. 'सीएसआरमधून (म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामाच्या निधीतून) जर्सी द्या, पाठीवर तुमचा लोगो टाकू' अशा अर्थाचे पत्र मी स्वतः पाहिले आहे. कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. त्यात ग्रामीण, ऑलिंपिक, पॅरालिंपिक आणि राष्ट्रीय मान्यता असलेल्या खेळांचे प्रशिक्षण बसते. पण 2021 च्या नियमांनुसार आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेले प्रायोजकत्व त्यात धरता येत नाही. म्हणजे लोगो हवा असेल तर पैसा जाहिरातीच्या खात्यातून मागायचा, मुलांना शिकवायचे असेल तर सीएसआरमधून. दुसऱ्यासाठी नोंदणीकृत संस्था, सीएसआर-1 या सरकारी अर्जाची नोंद आणि तपासलेले हिशेब लागतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला कोणी धनादेश देत नाही. महापे-ऐरोलीच्या कंपन्यांच्या दारात जाण्याआधी आम्ही एवढे तरी करावे. तोवर सोसायटीच्या जुन्या सायकली, कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याचे ट्यूब-टायर, एखाद्या डॉक्टरांची प्रथमोपचाराची पेटी, हेच प्रायोजकत्व समजावे.

कंपन्या बिचकतात याचे दुसरे कारण अधिक कडू आहे. डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय सब-ज्युनिअर स्पर्धेसाठी नागपूरला आलेली केरळची दहा वर्षांची खेळाडू आजारी पडून दगावली. त्या राज्यात दोन प्रतिस्पर्धी संघटना होत्या, मुलीचा संघ न्यायालयाचा आदेश घेऊन आला होता, आणि त्याला राहण्या-जेवणाची सोय नाकारल्याचा आरोप तेव्हा झाला. मृत्यूचा आणि त्या वादाचा संबंध जोडण्याचा मला अधिकार नाही. पण दहा वर्षांच्या मुलांना खेळायला कोर्टाचा आदेश लागावा, असा खेळ मी माझ्या शेजाऱ्याला कोणत्या तोंडाने सुचवू? संघटनांच्या खुर्च्यांची भांडणे मिटत नाहीत तोवर कोणतीही शहाणी कंपनी लांबच राहील.

महापालिकेकडे मागणे छोटे आहे. सानपाड्याच्या उड्डाणपुलाखाली पालिकेने बास्केटबॉल, बॅडमिंटन, स्केटिंगसाठी जागा केली. 2023 मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचा व्हिडिओ समाजमाध्यमावर टाकला आणि देशभर कौतुक झाले. वर छप्पर, खाली सिमेंट, पावसाळ्यातही कोरडे. आम्हाला नवे कोर्ट नको, अशा जागी आठवड्यातून एक ठरलेली वेळ हवी. 'ठरलेली' यावर भर आहे, कारण आज इथे आणि पुढच्या रविवारी तिथे असे झाले की आलेली मुलेही परत येत नाहीत. स्केटिंगच्या सरांना टायरचे डाग नको असतात. ते पुसून देण्याची जबाबदारी आमची, लेखी देतो.

आपल्याकडेही एक विनंती. खेळाच्या पानावर स्थानिक निकालांना दोन ओळींची जागा मिळाली, शाळेचे नाव आणि गुणफलक एवढेच, तरी पुरे. ते कात्रण मुख्याध्यापकांच्या टेबलावर आमच्या अर्जापेक्षा जास्त वेळ राहील.

आपला,
एक सायकल पोलो खेळाडू
नेरुळ, नवी मुंबई