तुझे रात्रीचे दीड म्हणजे आमचे सकाळचे सात

सांगली, १८ नोव्हेंबर २०२५

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

काल फोनवर मी ओरडले आणि तू "सगळं झालंय ना आता आई" म्हणून फोन ठेवलास. रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितेय, मोबाईलवरच टाइप करतेय, चुकलंमाकलं समजून घे. ओरडायचं नाही असं ठरवूनच बसलेय.

गुरुवारपासून दाढ दुखत होती. शनिवारी रात्री गाल सुजला. रविवारी डॉक्टर मिळाला. आणि मला कळलं सोमवारी दुपारी, तेही "अगं थोडं दाताचं झालं होतं" असं, जसं काही छत्री हरवली. मधले चार दिवस मी तुला रोज गुड मॉर्निंग पाठवत होते आणि तू अंगठा दाखवत होतास. तेच मला लागलंय बघ. दाढ दुखली त्याचं नाही, सांगितलं नाहीस त्याचं.

तुझे रात्रीचे दीड वाजतात तेव्हा आमचे सकाळचे सात असतात. मी उठून, पाणी भरून, चहा ठेवलेला असतो. "तुमची झोपमोड नको" हे कारण मला सांगू नकोस.

चूक माझीपण आहे. ऑगस्टमध्ये लिस्टमध्ये मी स्वतः लिहिलं होतं, चष्मे दोन, कुकरची रिंग, दात दाखवणे. चष्मे झाले, रिंगपण झाली, दात राहिले, कारण व्हिसाची तारीख आली आणि मग धावपळच झाली. दाढेतलं ते जुनं सिमेंट आधीच हलत होतं हे मला माहिती होतं. वर दिवाळीच्या पार्सलमध्ये चिक्की मीच भरली. तू म्हणतोस चिक्कीने काही होत नाही. होतं रे.

बरं, तू जे केलंस ते बरोबर केलंस हे आधी सांगायला हवं होतं, ते राहूनच गेलं. त्या केरळच्या मुलाने ऐकलं नाही आणि १११ ला, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या नंबरला, फोन लावायला लावला, त्याला माझे आशीर्वाद सांग. मी काल बाबांकडून समजून घेतलं सगळं. नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, रविवार असो नाहीतर ख्रिसमस. तिथे तुझा कायमचा डेंटिस्ट ठरलेला नसला तरी ते विचारपूस करतात, गिळता येतंय का, श्वासाला त्रास होतोय का, ताप आहे का, आणि मग कुठे जागा असेल तिथे पाठवतात. तुला लीड्समध्ये जागा नव्हती म्हणून ब्रॅडफर्डला पाठवलं, ट्रेनने गेलास, सुजलेलं तोंड मफलरमध्ये गुंडाळून. एकटा गेलास. मला त्या मफलरचंच सारखं डोळ्यांसमोर येतंय. अभिमानपण वाटतो, इथे असतास तर बाबांनी गाडी काढल्याशिवाय तू कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्येपण गेला नसतास.

डॉक्टरने दाढ उघडून पू काढला, २७ पौंड ४० पेन्स घेतले. व्हिसाच्या वेळी वर्षाला ७७६ पौंडांप्रमाणे आपण हेल्थचे भरलेत ना, मग परत का, असं मी बाबांना विचारलं. तर म्हणे दाताचे वेगळे द्यावे लागतात, तिथल्या लोकांनाही. असू देत. पैशाचा विचार करून चार दिवस थांबला असशील तर मात्र मला खरं सांग. सेमिस्टरची फी भरली म्हणून तू आता एकेक पौंड मोजतोस हे मला कळतं, पण दाढ ही मोजायची गोष्ट नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती मला कालच फोनवर सांगायची होती आणि रागात राहून गेली.

तुझ्या अण्णा आजोबांच्या गळ्याच्या खळग्यात ती खूण होती आठवते? तू मांडीवर बसून त्यात बोट घालायचास आणि ते सांगायचे सर्ज्या बैलाने शिंग मारलं म्हणून. सर्ज्याने कधी कुणाला शिंग मारलं नाही बिचाऱ्याने. ती दाढेची खूण आहे.

१९९९ चा एप्रिल होता. खरड छाटणी चालू होती, माणसं मिळत नव्हती, आणि अण्णांची खालची दाढ दुखायला लागली. तुझी आहे तीच, डावीकडची. शुगर होतीच त्यांना. मी तेव्हा माहेरी आले होते. गुरुवारी दुखत होतं तर लवंग धरली, शुक्रवारी गाल सुजला तर आईने गरम पिठाचं पोटीस बांधलं, शेकाने उतरेल म्हणून. शनिवारी म्हणाले आता कुठे कुणाला त्रास द्यायचा, सोमवारी बघू, छाटणी उरकते. हे "कुणाला त्रास द्यायचा" त्यांच्याकडूनच तुझ्यात आलंय, काल तुझ्या तोंडून ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

रविवारी संध्याकाळी त्यांना पाणी गिळेना. लाळ गळत होती आणि ते पंच्याने पुसत बसले होते, आडवं व्हायला तयार नव्हते. आडवं झालं की घुसमटायचे, म्हणून. आवाज असा येत होता जसं तोंडात गरम बटाटा धरलाय. शेजारच्यांची ट्रॅक्स गाडी काढली. कवठ्यात सगळे दवाखाने बंद, एका डॉक्टरांचं घर दवाखान्याच्या वर होतं तिथे बाबांनी दार वाजवलं. ते बनियनवर खाली आले, बॅटरी धरली, जीभ वर करायला सांगितली. जीभ वर होतच नव्हती, खालून फुगून टाळ्याला टेकत होती. त्यांनी बोटाने हनुवटीखाली दाबून बघितलं, लाकडासारखं कडक. एवढंच म्हणाले, "माझ्या हातात नाही, इथे थांबू नका, मिरज गाठा." पैसे घेतले नाहीत.

मिरजेला पोचेपर्यंत मी मागे त्यांची पाठ धरून बसले होते. तिथे गळ्याला भोक पाडून नळी घातली. अकरा दिवस. डिस्चार्जच्या कागदावर लुडविग्ज अँजायना असं लिहिलं होतं, मला वाटलं हार्टचं काही आहे. मग तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, खालच्या मागच्या दाढांची मुळं खोल जातात, तिथला पू जिभेखाली उतरला की दोन्ही बाजूंनी सूज येते आणि श्वासाची वाटच बंद होते. एका किडलेल्या दाढेने. अण्णा वाचले, पण त्यांच्या आवाजाला ती खरखर तेव्हापासूनची, तू कायम तशीच ऐकलीस म्हणून तुला ती त्यांचीच वाटते.

तर म्हणून मी ओरडले. मला गाल सुजला एवढं ऐकूनच ती ट्रॅक्स आठवली.

आता हे नीट वाच. परत कधी सूज आली आणि ती हनुवटीखाली किंवा मानेत उतरतेय असं वाटलं, जीभ वर होत नाही, तोंड दोन बोटं पण उघडत नाही, थुंकी गिळता येत नाही, किंवा सूज डोळ्याकडे चढतेय, तर १११ पण नाही आणि डेंटिस्ट पण नाही, सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं, आणि श्वासाला जड वाटलं तर ९९९ ला फोन करून अँब्युलन्स. नुसती दाढ दुखते म्हणून इमर्जन्सीत गेलास तर दाताचं ते काही करणार नाहीत, पण हे वेगळं. आणि बाहेरून शेकायचं नाही, आईचं पोटीस मला आजपण बोचतं. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कर, त्या चालतात.

गोळ्यांचं तर मी काल हिशोब करून बघितला. तू म्हणालास दिवसात चार कॉम्बिफ्लॅम घेतल्या, मीच दिल्या होत्या त्या, आणि वर तिथल्या पाचशेच्या सहा पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉल असतंच रे, ३२५ ची. म्हणजे ४३०० झाली, आणि दिवसाला ४००० च्या वर जायचं नसतं, लिव्हरवर येतं. तेही उपाशीपोटी. इंजिनीअर ना तू? पाकिटाच्या मागे वाचायचं नाही का? हे बघ, परत सुरू झालं माझं. सॉरी. दुखत असताना कोण वाचतं.

अँटिबायोटिक पूर्ण संपव. त्यातली मेट्रोनिडाझोल असेल तर तिच्यावर थेंबभरही दारू चालत नाही. पितोस की नाही ते मी विचारत नाहीये, फक्त सांगून ठेवते.

आणि तू जे म्हणालास ना, आता दुखत नाही, बाकीचं सप्टेंबरमध्ये घरी आल्यावर करू, त्याने मला सगळ्यात जास्त धडकी भरली. अण्णांचीपण शनिवारी दुपारी दोन तास दुखायची थांबली होती, आई म्हणाली उतरलं. आतली नस मेली की दुखणं थांबतं, पू थांबत नाही. त्या रविवारच्या डॉक्टरने फक्त वाट करून दिलीय, रूट कॅनॉल नाहीतर दाढ काढणं बाकी आहे. तिथल्या सरकारी दरांच्या ७५ पौंड ३० पेन्सच्या पट्ट्यात दोन्ही बसतं असं बाबांनी बघितलं, पण नवीन पेशंट घेणारा डेंटिस्ट शोधायला वेळ जातो म्हणतात, तर आजपासूनच फोन लावायला घे. नाहीच मिळाला तर प्रायव्हेटमध्ये कर, मी भिशीचे पैसे उचलते, बाबांना विचारायची गरज नाही. आणि "तुझ्या भिशीचे नकोत" असं म्हणू नकोस, मी ते कशासाठी टाकते मग?

जेवतोस का नीट? उजव्या बाजूने चाव. मऊ भात कर, मेतकूट आहे अजून त्या निळ्या डब्यात. चिक्की त्या मुलाला देऊन टाक.

आज रात्री खिडकीपाशी नको, बाथरूमच्या लाईटमध्ये उभा राहा, जीभ वर कर आणि एक फोटो काढून पाठव. मला पाठव, ग्रुपवर टाकू नकोस. बाबा काल तुझ्याशी हसून बोलले ना, फोन ठेवल्यावर गॅलरीत जाऊन बराच वेळ उभे होते. ट्रॅक्स तेच चालवत होते.

तुझी,
आई