बाबांचा फोटो लावू का, तूच सांग

प्रिय संज्या,

पत्र पाहून घाबरू नको, घरी सगळे बरे आहेत, मायचा गुडघा आहे तसाच आहे. फोन लावला होता पण तू मीटिंगमध्ये, अन् हे असं घाईघाईत सांगायचं नव्हतंच मले.

जिल्ह्याच्या गावी प्रदर्शन लागत आहे, १९ ऑगस्टले, फोटोग्राफी दिनाचं. त्यात माझे फोटो घेतले! कापूस वेचणीचे, जिनिंगवर लागलेल्या गाड्यांच्या रांगेचे, अन् एक पोळ्याचा. पोळ्याचा म्हणजे तोच, तुझ्या बाबांचा. तोरणाखाली उभे, डोळे गच्च मिटलेले, तोंड हे एवढं उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या, अन् बाजूले तू लाल्याची वेसण धरून. लाल्याचीच होती, ढवळ्याची नाही, फोटोत साफ दिसते, आता तरी हा वाद सोड लेका.

तर निवड करणाऱ्या सरांनी तो सगळ्यात मोठा लावायचं ठरवलं, दारातून शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर. मी हवेत. मग परवा प्रूफ पाहायले गेलो. फोटो ब्लॅक अँड व्हाइट केलेला, तोरण कापलं, लाल्याची शिंगं कापली, तू तर पुराच गेला, राहिला फक्त बाबांचा चेहरा. खाली नाव ‘आक्रोश’, अन् बारीक अक्षरात ‘विदर्भातील शेतकरी’.

अबे, बाबा झडती म्हणत होते, पोळ्याच्या तोरणाखाली म्हणतात ते गाणं! ‘वाटी रे वाटी, खोबऱ्याची वाटी, महादेव रडे दोन पैशासाठी’, अन् शेवटी ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’, तो ‘हर’ ओढतानाचा तो क्षण आहे. त्याच्या पुढच्या फ्रेममध्ये सारं गाव हसत आहे. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकून त्यांनी ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हटलं होतं, तेव्हा पण मी होतो. हे तुले नाही तर कोणाले सांगू? इथं ज्याले सांगतो तो म्हणतो मोठा लागला ना, मग झालं.

रंगाचं तर बोलूच नको. कपाळावरचा गुलाल काळा पडला, कोणी मारल्याच्या वणासारखा दिसते. शिंगांचा हिंगूळ नाही, बेगड नाही, झूल नाही. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, १२ बाय १८ चा प्रिंट ३०० डीपीआयनं पुऱ्या फोटोचा आरामात निघतो, कापायची काही गरजच नव्हती. (हो, तोच सेकंडहँड निकॉन, सोयाबीनच्या पैशाचा, ज्याच्यापायी तू माझ्याशी आठ दिवस बोलला नव्हता.)

सर वाईट माणूस नाहीत. म्हणाले, चेहऱ्यात वेदना आहे, पाहणारा थांबतो, अन् आपल्या जिल्ह्याचं दुःख जगासमोर यायलाच पाहिजे. यायलाच पाहिजे, मी कधी नाही म्हटलं? २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं पराटी खाल्ली त्या साली शेजारच्या घरी काय झालं ते तू पाह्यलं आहे, अन् त्या घरी पहिल्या दिवसापासून बाबाच जाऊन बसत होते. पण त्या घरचं दुःख बाबांच्या चेहऱ्यावर कसं चिटकवायचं? बाबा कर्जात होते, कोण नव्हतं, पण पोळ्याच्या दिवशी ते रडत नव्हते रे.

अमेरिकेत १९३६ मध्ये डोरोथिया लँग नावाच्या बाईनं शेतमजुरांच्या तळावर एका मायचा फोटो काढला, मंदीतल्या सगळ्या गरिबांचा तोच चेहरा झाला, अन् त्या मायचं नाव जगाले कळलं १९७८ मध्ये. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन. तिनं तेव्हा स्पष्ट सांगितलं का फोटोवालीनं माझं नावसुद्धा विचारलं नव्हतं. मले तर बाबांचं नाव माहीत आहे, अन् मी ‘विदर्भातील शेतकरी’ लिहू देऊ? ज्यांच्या ताटात जेवलो त्यांच्या खाली?

सरांले म्हटलं, पुरा फोटो लावा, रंगीत, खाली नाव अन् झडती. ते म्हणाले, विचार करतो, पण मग समोरच्या भिंतीवर नाही, कदाचित लागणारच नाही. तुझ्या मायले मी अजून प्रूफ दाखवलं नाही. ती एसटीनं येणार म्हणून साऱ्या गल्लीले सांगून बसली आहे, नवं लुगडं काढून ठेवलं आहे. ‘आक्रोश’ वाचून तिले काय वाटेल? अन् फोटोच नसला तर काय वाटेल? रात्रभर हेच चालू आहे डोक्यात. माझं मन म्हणते काढून घ्यावा. पण बाप तुझा आहे, म्हणून तू सांगशील तसं.

पोरीच्या अ‍ॅडमिशनचं झालं का? चाकणच्या कंपनीत पगारवाढ दिली का नाही? वहिनीले नमस्कार सांग.

रविवारपर्यंत कळव, सोमवारी प्रिंटिंगले जाते. अन् ती झडती पुरी लिहून पाठव, ‘पार्वतीच्या लुगड्याले’च्या पुढं बाबा आपल्या मनचं जे जोडत होते ते मले पक्कं आठवत नाही, अन् लिहायचं तर त्यांचंच लिहायचं.

तुझा,
बाळ्या