जर्मन ग्रंथ शोधताना

महोदय,

जर्मन साहित्याचे विद्यार्थी विद्यापीठ ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीपाशीच अडतात. जर्मन ‘यू’वरचे दोन ठिपके (ü) टंकता येत नसतील तर ‘यूई’ (ue) लिहावे, मग नुसत्या ‘यू’नेही शोधावे; प्रत्येक सूचीची पद्धत वेगळी असते. १९४१ पूर्वीची बरीच पुस्तके फ्राक्टुर या जुन्या, टोकदार अक्षरांच्या जर्मन छपाईच्या लिपीत आहेत. तिच्यात शब्दाच्या आरंभी आणि मध्ये येणारा लांब ‘एस’ थेट ‘एफ’सारखा दिसतो. संगणक तो चुकीचा वाचतो आणि स्कॅन प्रतीत असलेला शब्दही सापडत नाही. अशा वेळी ‘एफ’ घालून पुन्हा शोधावे. जुन्या अर्थांसाठी ग्रिम बंधूंनी सुरू केलेला जर्मन शब्दकोश जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत आहे. त्याचा पहिला खंड मात्र १८५४चा, हे विसरू नये. ग्रंथालयांनी एवढे एका पानावर छापून सूचीच्या संगणकाशेजारी लावावे, ही कळकळीची विनंती.

– एक ग्रंथपाल, पुणे