दोन दिवसांत रात्रपाळी?

संपादक महोदय,

माझी भाची गेल्या महिन्यात इथे बडोद्यातल्या एका खासगी मनोरुग्णालयात साहाय्यक म्हणून लागली. दोन दिवस वॉर्ड दाखवला आणि तिसऱ्या रात्री तिला एकटीलाच पाळी दिली. त्या रात्री एक बाई भिंतीवर डोकं आपटू लागल्या. काय करायचं, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. तिने डोकं आणि भिंत यांच्यामध्ये उशी धरली, शेजारी जमिनीवर बसली आणि गुजरातीत हळूहळू बोलत राहिली. बाई शांत झाल्या. पोरीने निभावलं, याचं मला फार कौतुक आहे. पण दरवेळी तसं होईलच असं नाही.

मी स्वतः परिचारिका होते. रक्तदाब मोजणं, गोळी खरंच गिळली का ते पाहणं, फेरीची नोंद ठेवणं हे लवकर जमतं. आवाज चढण्याआधीच्या येरझाऱ्या आणि हातांची चुळबुळ ओळखायला मात्र जाणत्या माणसाबरोबर राहावं लागतं. शिवाय मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाला साखळीने बांधता येत नाही, एकटं कोंडून ठेवता येत नाही. भाचीला हे माझ्याकडून कळलं!

कारेलीबागेत सरकारी मानसिक रुग्णालय आहे. खासगी ठिकाणच्या नव्या मुलामुलींना तिथे निदान महिनाभर शिकायची सोय आरोग्य खात्याने करावी, आणि तोवर त्यांना एकट्याने रात्रपाळी देऊ नये.

– एक निवृत्त परिचारिका, दांडिया बाजार, बडोदे